बायोच्या मॅडम बरोबर की केमिस्ट्रीचे सर?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातली. दहावीला मराठी मीडियममधून चांगले मार्क पडले म्हणून अकरावी सायन्स घेतलं. केमिकल बाँडिंगचा धडा सुरू झाल्यापासून डोकंच चालेना झालंय. केमिस्ट्रीचे सर म्हणतात बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बायोच्या मॅडम म्हणतात एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटला की ऊर्जा मिळते. दोघांना विचारायचं धाडस होत नाही. अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं हे पाठ आहे पण का ते कळत नाही. समीकरण संतुलित करताना मी खालचे आकडे बदलते आणि मार्क जातात. युनिट टेस्टला २५ पैकी ७ पडले. दादा म्हणतो अजून वेळ आहे, कॉमर्सला जा. पप्पा दिवसभर द्राक्षबागेत असतात, ते म्हणतात तुला जमेल ते कर. मी काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

आधी सर आणि मॅडमचा प्रश्न मिटवू कारण तुझ्या बाकीच्या अर्ध्या अडचणी त्याच्यातच अडकल्यात. सर बरोबर आहेत. बंध तोडायला ऊर्जा लागते, तुझ्या पुस्तकातला कुठलाही बंध घे, लागतेच. आणि बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते. दोन लोहचुंबक एकमेकांना चिकटलेत असं समज, ते ओढून वेगळे करायला तुला जोर लावावा लागतो आणि सोडले की खटकन आपणहून चिकटतात, तसंच हे आहे. मॅडमचं वाक्य खोटं नाही पण अर्धं आहे, आणि अर्ध्या वाक्यानेच मुलांचा सगळ्यात जास्त घोळ होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

एटीपीचं काय होतं बघ. त्याच्या शेपटीला तीन फॉस्फेट गट एकापुढे एक असतात, सगळ्यांवर ऋण प्रभार, म्हणजे ते एकमेकांना ढकलत असतात. पाण्याचा रेणू येतो, शेवटच्या फॉस्फेटचा बंध तुटतो, त्याला ऊर्जा लागतेच. पण त्याच वेळी पाण्याबरोबर नवे बंध तयार होतात, सुटलेल्या फॉस्फेटभोवती पाण्याचे रेणू जमतात, प्रभारांची गर्दी कमी होते, आणि या सगळ्यातून जे परत मिळतं ते तोडायच्या खर्चापेक्षा जास्त असतं. हिशोब करून हातात उरतात साधारण ३० किलोजूल, एका मोलमागे (किलोजूल हे ऊर्जेचं माप, मोल हे अणू-रेणू मोजायचं). मॅडम सांगतात तो शेवटचा उरलेला आकडा आणि सर सांगतात ती पहिली पायरी. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत आणि तुला वाटतंय भांडतायत.

आता हे आकड्यात बघ, कारण आकड्यात बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. हायड्रोजनचा एक मोल घेतला तर त्यातले बंध तोडायला ४३६ किलोजूल लागतात. क्लोरीनच्या मोलला २४२. एकूण खर्च ६७८. आता त्यातून हायड्रोजन क्लोराइड बनतं, दोन मोल, आणि प्रत्येक मोलमागे ४३१ किलोजूल परत मिळतात म्हणजे ८६२. वजाबाकी कर. १८४ किलोजूल बाहेर पडले, म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी. बस, उष्मादायी आणि उष्माग्राही म्हणजे एवढंच, जोडायची कमाई जास्त की तोडायचा खर्च जास्त. कुठलीही अभिक्रिया समोर आली की व्याख्या आठवत बसू नकोस, स्वतःला तीन गोष्टी विचार: काय तुटलं, काय जुळलं, आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले. मला तर वाटतं अकरावीच्या या धड्याचा गाभा या तीन प्रश्नांत आहे.

आता अष्टक. तू लिहिलंस की का ते कळत नाही, आणि मला हे वाचून खूप बरं वाटलं, कारण ज्यांना "सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला घ्यायचा असतो" एवढ्याने समाधान होतं त्यांनी खरं तर विचारच केलेला नसतो. अणूला काही हवं नको नसतं गं. सोडियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोजूल खर्च येतो, तो आपणहून देत नाही. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत १४७ किलोजूलचं नुकसान आहे! मग मीठ बनतंच कसं? तर हे धन आणि ऋण आयन (प्रभार आलेले अणू) एकमेकांना ओढतात, एक सोडियम आयन सहा क्लोराइड आयनांच्या मध्ये आणि एक क्लोराइड सहा सोडियमच्या मध्ये अशी रचना तिन्ही दिशांना पसरत जाते, आणि या रचण्यातून मोलमागे जवळजवळ ७८७ किलोजूल मिळतात. खरी कमाई ती. आयनिक बंध म्हणजे देवघेव नव्हे, देवघेवीनंतरची ती सगळ्या बाजूंनी असलेली ओढ. म्हणूनच मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि म्हणूनच मिठाच्या खड्यात "सोडियम क्लोराइडचा रेणू" असा वेगळा दाखवता येत नाही, तिथे रेणू नसतोच, नुसती रांगेत लागलेली आयनं असतात. हा प्रश्न परीक्षेत आडवळणाने विचारतात, लक्षात ठेव.

मग आठच का? कारण बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की पुढचा इलेक्ट्रॉन काढणं प्रचंड महाग पडतं आणि घ्यायचा म्हटलं तर नव्या, लांबच्या कक्षेत जागा द्यावी लागते, त्यामुळे ऊर्जेचा हिशोब तिथे थांबतो. गिल्बर्ट लुईस आणि वाल्थर कोसेल या दोघांनी १९१६ साली हे मांडलं, लुईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीची भागीदारी म्हणजे सहसंयुज बंध सांगितला आणि कोसेलने आयनांची बाजू. तू वहीत ठिपके काढतेस ना, ते लुईसचे. पण तो नियम आहे, कायदा नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच असतात, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये फॉस्फरसभोवती दहा, नायट्रिक ऑक्साइडमध्ये तर इलेक्ट्रॉनांची एकूण संख्याच विषम आहे, आठची जोडणी बसणारच नाही. निऑन, झेनॉनसारख्या राजवायूंचं अष्टक आधीच पूर्ण असतं, म्हणून ते कुणाशीच संयोग करत नाहीत असं बरीच वर्षं समजलं जायचं आणि १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं. त्यामुळे अष्टकाला देव मानू नकोस, पहिल्या अंदाजासाठी वापर, दुसऱ्या आवर्तातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिनला तो छान लागू पडतो.

आणि आयनिक की सहसंयुज हा प्रश्न हो-नाहीचा नसतो. इलेक्ट्रॉनची जोडी दोघांत आहे, कोण जास्त ओढतं ते विद्युतऋणतेवरून कळतं. सोडियम ०.९, क्लोरीन ३.२, फरक मोठा, जोडी जवळजवळ पूर्ण क्लोरीनकडे. हायड्रोजन २.२ आणि क्लोरीन ३.२, फरक १, म्हणून जोडी दोघांत पण क्लोरीनकडे झुकलेली. दोन क्लोरीन असतील तर फरक शून्य, वाटणी समसमान. पुस्तकात फरक १.७ च्या वर गेला की आयनिक अशी रेघ देतात, ती अंदाजाची आहे, हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.८ च्या आसपास येतो आणि तरी तो सहसंयुज रेणूच आहे.

आता तुझ्या घरचं. तू पत्रात द्राक्षबागेचा उल्लेख जाता जाता केलास पण माझ्या मते तुझी सगळ्यात चांगली प्रयोगशाळा तीच आहे. पाऊस पडून गेला की वेलीवरच्या डाऊनी रोगासाठी बोर्डोची फवारणी करतात ना तुमच्याकडे? मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. हे फ्रान्समधल्या बोर्दो भागातून आलं, मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते जगासमोर आणलं, आणि आज तुझे पप्पा तेच करतायत. या एका फवारणीत तुझा बाँडिंगचा धडा आणि रासायनिक अभिक्रियांचा दहावीचा धडा दोन्ही आहेत, एकेक करून बघू.

पहिलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. तो निळा खडा हातात घेऊ नकोस (विषारी आहे, ग्लोव्हज घाल), नुसता बघ. त्याच्यात कॉपरचे धन आयन आणि सल्फेटचे ऋण आयन आहेत, त्यांच्यातली ओढ आयनिक. पण सल्फेट स्वतः काय आहे? एक गंधक आणि चार ऑक्सिजन, आणि ते आपसात सहसंयुज बंधाने जोडलेले. म्हणजे एकाच पदार्थात दोन्ही प्रकारचे बंध! मुलं विचारतात "कॉपर सल्फेट आयनिक की सहसंयुज", तो प्रश्नच नीट नाही, कुठल्या दोघांमधला बंध ते आधी सांग. पाण्यात टाकलं की कॉपर आणि सल्फेट एकमेकांपासून सुटतात, पाण्याचे रेणू त्यांना घेरतात, पण सल्फेटमधला गंधक ऑक्सिजनला सोडत नाही. निळा रंग कॉपर आयनाभोवतीच्या पाण्यामुळे आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये खडा परीक्षानळीत तापवलात तर पाणी उडून पांढरी पूड उरते आणि थेंबभर पाणी टाकलं की परत निळी होते. सरांना दाखवायला सांग, बघण्यासारखं असतं.

दुसरं चुना. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, तो पाण्यात टाकला की खदखदतो, वाफ येते, पिंप गरम होतं. कुणी जाळ लावला नाही मग उष्णता कुठून आली? कॅल्शियम ऑक्साइडमधली आयनांची ओढ सुटली, पाण्याचा बंध तुटला, हा खर्च. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची नवी रचना उभी राहिली, ही कमाई. कमाई जास्त, मोलमागे साधारण ६५ किलोजूल. तोच वरचा हिशोब. (इथे जवळ उभी राहू नकोस, उडालेला चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चष्मा लाव, पप्पांनाही लावायला सांग, हे मी कळकळीने सांगतेय.)

तिसरं, दोन्ही एकत्र. मोरचुदाचं पाणी आणि चुन्याचं पांढरं पाणी वेगवेगळ्या ड्रममध्ये करून मग मिसळतात, आणि आकाशी रंगाचा गढूळ लगदा तयार होतो. कॉपरने हायड्रॉक्साइड गाठलं, कॅल्शियम आणि सल्फेट एका बाजूला झाले. खरं तर त्या लगद्यात कॉपर, हायड्रॉक्साइड आणि सल्फेट यांची जरा गुंतागुंतीची संयुगं असतात पण अकरावीसाठी कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट एवढं लिहिलंस तरी चालेल. याला दुहेरी विस्थापन म्हणतात, अवक्षेप (न विरघळणारा गाळ) पडतो. इथे इलेक्ट्रॉनची देवघेव झाली का? नाही. कॉपर आधीही दोन धन होता, नंतरही दोन धन. नुसते जोडीदार बदलले. म्हणून ही रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची अभिक्रिया नाही.

आणि चौथं सगळ्यात भारी. पप्पा मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडाचा विळा किंवा चाकू बुडवून बघतात का विचार. बरेच बागायतदार बघतात. पातं तांबूस झालं तर म्हणतात चुना कमी पडलाय, अजून घाला. असं का, हे तू त्यांना समजावून सांगू शकशील अशी माझी खात्री आहे. चुना कमी असेल तर पाण्यात कॉपरचे आयन मोकळे राहतात. लोखंड प्रत्येक कॉपर आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतं, कॉपर धातू होऊन पात्यावर बसतो. तो लाल थर म्हणजे तांबं. लोखंडाने इलेक्ट्रॉन गमावले, त्याचं ऑक्सिडीकरण, कॉपरने घेतले, त्याचं क्षपण, आणि सल्फेट बिचारा नुसता बघत बसला, त्याचा यात काही संबंध नाही. पुस्तकात "लोखंडाचा खिळा आणि कॉपर सल्फेट" म्हणून जे पाठ केलंस ते हेच आहे गं. पप्पांना याची गरज यासाठी की मोकळे कॉपर आयन पानं करपवतात, कोवळ्या पानांवर तर लगेच डाग दिसतात. म्हणूनच लोखंडी पिंपात बोर्डो करत नाहीत, प्लॅस्टिकचा ड्रम वापरतात.

आता खालचे आकडे. हायड्रोजन अधिक ऑक्सिजनपासून पाणी, हे संतुलित करताना तू काय करत असशील ते मला दिसतंय, डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक, म्हणून एच२ओ चं एच२ओ२ करून टाकायचं. अणूंचा हिशोब जुळला. पण एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरतात ते! तू पाणी बनवायला निघालीस आणि दुसरंच रसायन बनवलंस. खालचा आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, त्याला हात लावायचा नाही. पुढचा आकडा किती रेणू ते सांगतो, तोच बदलायचा. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी.

गॅसच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतं. प्रोपेन घे, सी३एच८. जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आधी कार्बन: तीन, म्हणून तीन कार्बन डायऑक्साइड. मग हायड्रोजन: आठ, म्हणून चार पाणी. ऑक्सिजन शेवटी, कायम शेवटी, कारण तो उजवीकडे दोन ठिकाणी आहे: सहा अधिक चार दहा, म्हणून पाच ऑक्सिजन रेणू. संपलं. आता इथेच थांबू नकोस, तेच समीकरण ऊर्जेच्या डोळ्यांनी बघ. तुटतात दोन कार्बन-कार्बन, आठ कार्बन-हायड्रोजन आणि पाच ऑक्सिजनचे दुहेरी बंध. जुळतात सहा कार्बन-ऑक्सिजन दुहेरी आणि आठ ऑक्सिजन-हायड्रोजन. पुस्तकाच्या तक्त्यातून आकडे घालून बघितलंस तर ४४ ग्रॅम प्रोपेनमागे साधारण २००० किलोजूल उरतात. आणि त्यात एक गंमत दिसेल, ऑक्सिजनचा बंध तसा स्वस्तात तुटतो, ४९८ ला, आणि कार्बन डायऑक्साइडमधला प्रत्येक बंध ८०० च्या आसपास परत देतो. लोक म्हणतात गॅसमध्ये ऊर्जा भरलेली असते, पण ऑक्सिजन नसेल तर त्या गॅसचं काय करशील? मग लायटर कशाला लागतो, कमाई जास्त आहे तर आपोआप का पेटत नाही? कारण सुरुवातीचे बंध सैल करायला पहिला खर्च कुणीतरी करावा लागतो, लायटरची ठिणगी तो करते आणि पुढे एका रेणूची उष्णता दुसऱ्याला पुरते. सरांनी ॲक्टिवेशन एनर्जी शिकवलं की हेच आठव.

कॉमर्सबद्दल. कॉमर्सला जाणं काही वाईट नाही, आवडत असेल तर जरूर जा, पण २५ पैकी ७ पडले म्हणून जाऊ नकोस. तुझं पत्र मी परत परत वाचलं, त्यात "का ते कळत नाही" असं आहे, "आवडत नाही" असं कुठेच नाही, आणि माझ्यासाठी हा फार मोठा फरक आहे. कॉलेजमध्ये शाखा बदलायची शेवटची तारीख कधी आहे ते ऑफिसात आजच विचारून ये, म्हणजे दादाच्या घाईवर नाही, खऱ्या तारखेवर ठरवता येईल. तोपर्यंत रोज एक लुईस रचना आणि एक समीकरण, एवढंच, पण रोज, आणि प्रत्येक समीकरणाखाली तुटलं-जुळलं लिहायचं. गाइड बंद ठेव. तू मराठीतून शिकलीस हे काही कमी नाही, संयुजा कळली असेल तर व्हॅलन्सी कळलेलीच आहे, नुसती सवय लागायला वेळ जाईल.

सरांना विचारायचं धाडस होत नाही म्हणतेस, तर एटीपीचा प्रश्न कागदावर लिहून लेक्चर संपल्यावर हातात दे. "सर, बंध तोडायला ऊर्जा लागते तर एटीपीमध्ये निव्वळ ऊर्जा कुठून मिळते?" असा. एवढा चांगला प्रश्न वर्गातून आला तर कुठल्याही मास्तरला आनंदच होईल, आणि मॅडमनाही तोच कागद दाखव.

आणि मला पुढच्या पत्रात ब्युटेन संतुलित करून पाठव, सी४एच१०. ऑक्सिजनला तेरा भागिले दोन येईल, तिथे गडबडून खालचे आकडे बदलू नकोस, सगळ्या समीकरणाला दोनने गुण.